विशेष वर्गातील अक्षरे: इतार, सेगँ, माँटेसरी आणि आपल्याकडील बालशिक्षण

खरखरीत कागदातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली अक्षरे, खाचेत बसणारे लाकडी त्रिकोण-चौकोन, लहान-मोठे ठोकळे हे साहित्य आज कोणत्याही बऱ्या बालवाडीत पाहावयास मिळते. अध्यापक विद्यालयातील विद्यार्थी त्याला 'माँटेसरी साहित्य' म्हणतात आणि परीक्षेत तसेच लिहितात. मात्र या साहित्याचा मोठा भाग मुळात सर्वसाधारण मुलांसाठी तयार झालेला नव्हता. ज्या मुलांना त्या काळच्या वैद्यकाने 'शिकू न शकणारी' ठरवले होते, त्यांच्या वर्गात ते घडले. पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला एखादे वाक्य मिळते आणि लेखक पुढे सरकतो. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्यामागचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहावयाचा आहे. कारण आपल्याकडील विशेष शिक्षणातील काही गुंते त्या इतिहासाशिवाय नीट उलगडत नाहीत.

सुरुवात फ्रान्समधील आवेराँ प्रांतात होते. इ.स. १८०० च्या जानेवारीत तेथील सँ-सेर्नँ गावाजवळ अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा रानातून वस्तीत आला. त्याला बोलता येत नव्हते. त्याच वर्षी त्याला पॅरिसच्या राष्ट्रीय मूकबधिर संस्थेत आणले गेले. फिलिप पिनेल या त्या काळच्या मान्यवर वैद्याने तपासणी करून हा मुलगा जन्मतःच मंदबुद्धी आहे, त्याच्यावर श्रम करण्यात अर्थ नाही, असा निर्वाळा दिला. झाँ मार्क गास्पार इतार (१७७४-१८३८) या तरुण डॉक्टरला तो मान्य झाला नाही. मुलाची अवस्था संगतीच्या अभावामुळे झाली आहे, तेव्हा शिक्षणाने ती बदलेल, असे त्याचे म्हणणे होते. पिनेल आणि इतार यांच्यापैकी बरोबर कोण, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की इतारने निदानाशी वाद घालत बसण्यापेक्षा शिकवण्यास सुरुवात केली आणि काय शिकवले, काय फसले, हे १८०१ व १८०६ च्या दोन अहवालांत प्रांजळपणे लिहून ठेवले.

मुलाला 'ओ' या स्वराची विशेष जाणीव आहे असे दिसल्यावर इतारने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले. फ्रेंच उच्चारात त्या नावाचा शेवट याच स्वरावर येतो. त्याची रोजची देखभाल मादाम गेरँ या बाईंकडे होती. अहवालांत मुख्य पात्र इतार असला, तरी त्या मुलाला जेवू घालणारी, फिरायला नेणारी आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याला सांभाळणारी तीच. विशेष शिक्षणाच्या इतिहासात अशा बायांची नावे बहुधा टिपा-तळटिपांतच सापडतात.

इतारने फळ्यावर लाल वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन चिकटवले व तशाच आकारांचे तुकडे मुलाच्या हाती देऊन ते जुळवायला शिकवले. नंतर रंगाची खूण काढून घेतली, आकार तेवढा ठेवला. मग एकमेकांसारखे आकार आणले आणि सरतेशेवटी अक्षरे. पुढच्या शंभर वर्षांतील साहित्यनिर्मितीचे सूत्र येथेच सापडते: आधी ठळक विरोध, मग हळूहळू साम्य, एका वेळी एकच अडचण.

दुधाची गोष्ट प्रसिद्ध आहे. दुधाला फ्रेंचमध्ये 'ले' म्हणतात आणि तो शब्द चार अक्षरांनी लिहितात. ती चार अक्षरे जुळवली की दूध मिळते, हे व्हिक्टरला शिकवले गेले. काही दिवसांनी तो ज्या घरी रोज दूध प्यायला जात असे तेथे जाताना ती चार अक्षरे त्याने आपणहून खिशात घातली आणि तेथील मेजावर मांडून दाखवली. कोणताही शिक्षक एवढ्यावर हुरळून जाईल. इतारने मात्र तोंडी शब्दाबाबत एक बारीक गोष्ट नोंदवली आहे: मुलगा 'ले' हा उच्चार दूध मागताना करत नसे, दूध समोर आल्यावर करत असे. म्हणजे तो शब्द गरजेचे चिन्ह झाला नव्हता, आनंदाचा उद्गार होता. पुढे एक पुस्तक दाखवून 'पुस्तक' हा शब्द शिकवला, तर मुलगा ते एकच पुस्तक म्हणजे पुस्तक असे धरून बसला. दुसरे पुस्तक समोर असूनही त्याला ते 'पुस्तक' वाटेना. वर्गात शिकलेली गोष्ट वर्गाबाहेर न्यावयाची कशी, हा विशेष शिक्षकाला रोज भेडसावणारा प्रश्न इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल.

व्हिक्टर काही लिखित शब्द ओळखू लागला, घरकामात मदत करू लागला. बोलू मात्र लागला नाही. सुमारे पाच वर्षांनी इतारने प्रयत्न थांबवले. १८२८ साली मादाम गेरँच्या घरीच व्हिक्टर वारला.

एदुआर सेगँ (१८१२-१८८०) हा इतारचा शिष्य. आपल्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो 'सेग्विन' या इंग्रजी उच्चाराने भेटतो. इतारचा प्रयोग एका मुलापुरता होता. सेगँने त्याची वर्गपद्धती केली. १८४६ साली त्याचा फ्रेंच ग्रंथ आला, १८५० च्या सुमारास तो अमेरिकेला गेला आणि १८६६ साली त्याचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा क्रम स्नायूंपासून इंद्रियांकडे आणि इंद्रियांपासून कल्पनांकडे असा होता. ज्या मुलाला तोल सावरता येत नाही, वस्तू पकडून सोडता येत नाही, त्याच्या हाती एकदम पाटी-पेन्सिल देण्यात अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून शिडीवर चढणे, तोल राखणे, वस्तू पकडणे हे धडे अक्षरांच्या आधी येत. लाकडी फळीतील खाचांत योग्य आकार बसवण्याचा त्याचा फलकही याच पायरीवरचा.

या फलकाचे पुढे काय झाले हे सांगण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बुद्धिमापनाची लाट आली. १९०५ साली फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी विशेष वर्गांची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी आपली चाचणी तयार केली. त्याच काळात अमेरिकेत सेगँच्या फलकाला दहा ठोकळ्यांचे ठराविक रूप देऊन घड्याळाशी जोडण्यात आले: मुलाला सर्व ठोकळे बसवण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. भारतातील बालमार्गदर्शन केंद्रांत ही चाचणी आजही परिचित आहे. शिकवण्याकरिता केलेली वस्तू मोजण्याकरिता वापरली जाऊ लागली. मोजणी निरुपयोगी आहे असे नव्हे. प्रमाणपत्राशिवाय सवलत मिळत नाही, हे पालक जाणतात. तरीही सेगँच्या वर्गात चुकीच्या खाचेवर अडलेला ठोकळा हा धड्याचा आरंभ होता आणि चाचणीच्या टेबलावर तो वाया गेलेला वेळ ठरतो, हा फरक लहान नाही.

मारिया माँटेसरी (१८७०-१९५२) यांनी १८९६ साली रोममध्ये वैद्यकीय पदवी घेतली. विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करताना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मुले त्यांच्या पाहण्यात आली. या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, हे मत त्यांनी १८९८ साली तुरिन येथील शिक्षण परिषदेत मांडले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा आणि तिच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू झाले व माँटेसरी तेथे जोसेप्पे मोंतेसानो यांच्यासह संचालक झाल्या. सुमारे दोन वर्षे त्यांनी दिवसभर स्वतः शिकवले. पुढे इतार आणि सेगँ यांचे लेखन त्यांनी इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हाताने लिहून काढले. प्रत्येक शब्दाचे वजन कळावे हा त्यामागचा हेतू होता.

त्या काळातील एक प्रसंग विशेष लक्षात राहतो. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या हातात ताकद होती, पण तिला शिवण काही केल्या येईना. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवून तिला कागदी पट्ट्या आडव्या-उभ्या विणावयास दिल्या. ते साधल्यावर तिला शिवता येऊ लागले. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की प्रत्यक्ष काम करून घेण्याआधी त्या कामात लागणारी हालचाल दुसऱ्या सोप्या कृतीतून तयार करून घ्यावी. लेखनपूर्व सरावाची आजची सगळी कल्पना या शिवणात आहे. मग त्यांनी लाकडी अक्षरे करवून घेतली. मुले ती बोटांनी गिरवत. यांतील काही मुले सार्वजनिक शाळेच्या परीक्षेत इतर मुलांबरोबर बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. माँटेसरींना पडलेला प्रश्न निराळा होता: धडधाकट मुले साध्या शाळांत अशी कशामुळे अडून राहिली आहेत, की ही मुले त्यांच्या बरोबरीला यावीत?

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले ते या प्रश्नाच्या शोधात. तेथे पहिल्यासारखी लाकडी अक्षरे करून द्यायला कारागीर मिळेना. तेव्हा कागदाची आणि खरखरीत कागदाची अक्षरे कापून काम भागवले. ती लाकडी अक्षरांपेक्षा सरस ठरली; एकेका अक्षराच्या हव्या तितक्या प्रती निघाल्याने मुले शब्द जुळवू लागली. जी अक्षरे आज प्रदर्शनात काचेमागे ठेवली जातात, त्यांचे मूळ अशा अडचणीत आहे.

बालगृहाची कीर्ती जगभर झाली आणि पद्धतीचे मूळ घर मागे पडले. माँटेसरी स्वतः १९०१ नंतर विशेष शाळेकडे परतल्या नाहीत.

भारतात ही पद्धत आली ती बालमंदिरांच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ साली माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या. युद्धात इटली शत्रुपक्षात गेल्याने त्यांच्यावर निर्बंध आले आणि मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. या काळात शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. साहित्याचे महागडे संच मात्र सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेर होते. ताराबाईंनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बिया, शंख-शिंपले, पाने, खडे यांतून तेच काम साधले. वारली पाड्यांवर मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द मराठी बालशिक्षणाची देणगी आहे.

विशेष शाळांची वाट याच्याशी फारशी मिळाली नाही. अमृतसरला १८८७ साली ॲनी शार्प यांनी अंध मुलांची शाळा काढली. बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ साली जय वकील यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा निघाली. सिकंदराबादला १९८४ साली राष्ट्रीय संस्था आली. पुढे कायदे झाले: १९९२ चा पुनर्वसन परिषद कायदा, १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आणि २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा. या शेवटच्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या पात्र मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ विशेष शाळा समाजकल्याणकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि प्राथमिक शाळा शिक्षण खात्याकडे राहिली. १९०० सालच्या एका वर्गातील साहित्य तीन खात्यांत वाटले गेले आणि त्या खात्यांचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात जात नाहीत.

यापेक्षा कमी बोलला गेलेला प्रश्न लिपीचा आहे. माँटेसरींची अक्षरे रोमन लिपीची. एका अक्षराला एक आकार. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म ही अक्षरे हळू शिकणाऱ्या मुलाला चकवतात; वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची, ही आणखी एक पायरी. उर्दूत अडचण वेगळीच. बे, पे, ते, टे, से या पाच अक्षरांची बैठक एक आहे, फरक वरच्या-खालच्या खुणांचा. शिवाय शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अक्षराचे रूप पालटते. कायद्यात, म्हणजे उर्दूच्या अंकलिपीत, ही सारखी अक्षरे परंपरेने एका ओळीत येतात. वर्णक्रम पाठ करण्यास ते सोयीचे आहे. इतारच्या सूत्राप्रमाणे पाहिले तर सर्वांत अवघड जोडी पहिल्याच पानावर येते. अलिफनंतर थेट बे-पे न घेता अलिफ, जीम, मीम अशी दूरदूरची अक्षरे घेऊन, खुणांचा फरक पुष्कळ नंतर आणणे विशेष वर्गात शक्य आहे. त्यासाठी परीक्षा मंडळाची परवानगी लागत नाही.

अंध मुलांच्या बाबतीत ही गाठ एकदा सुटलेली आहे. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी आणि उर्दू एकाच सहा टिंबांत बसतात, आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू तेथे डावीकडून उजवीकडे वाचली जाते. भाषा त्यामुळे बिघडली असे कोणी म्हणत नाही.

सीमाभागातील शहरांत घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि सरकारी कागदावर कन्नड अशी अवस्था पुष्कळ मुलांची असते. हुशार मूल यातून चार भाषा घेऊन बाहेर पडते. ज्याला 'पुस्तक' हा शब्द एका पुस्तकावरून दुसऱ्यावर नेणेच कठीण आहे, त्याच्यासाठी पहिली लिपी कोणती, हे पालक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी एकत्र बसून ठरवावे लागते; आणि तसे बसण्याची तरतूद अजून कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही.