गॅलरीतली उलटतपासणी

तात्याआजोबा आणि शेजारचे बापू यांचं संयुक्त महाराष्ट्रावर एकमत होतं, त्या चळवळीत उडालेल्या दगडांवर मात्र कधीच झालं नाही. तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. बापू फोर्टातल्या एका वकिलाकडे कारकून. सनद नव्हती, पण पिनल कोडची स्वसंरक्षणाच्या हक्काची ९६ ते १०६ ही कलमं त्यांना रामरक्षेइतकी पाठ. रात्रीची जेवणं झाली की चाळीच्या गॅलरीत तात्या आठवणी सांगायचे, आणि बापू त्यांना मध्येच अडवून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे.

तात्यांची पहिली गोष्ट २१ नोव्हेंबर १९५५ची. राज्य पुनर्रचना आयोगानं मुंबईसाठी द्विभाषिक राज्याची शिफारस केली होती, मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. त्या दिवशी संप झाला, विधानसभेकडे मोर्चा निघाला आणि फ्लोरा फाउंटनपाशी लाठ्या पडल्या, मग गोळ्या सुटल्या. १५ माणसं गेली. तात्या म्हणायचे, एक पोरगा खाली पडलेला, त्याच्यावर एक हवालदार लाठी चालवतच होता. तात्यांनी मागून लाठी धरली, दुसऱ्या हातानं पोराला ओढला आणि दोघं पळाले.

“तात्या, ही तुमची सगळ्यांत चांगली केस,” बापू म्हणायचे. बचावाचा हक्क फक्त स्वतःच्या अंगापुरता नसतो, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण त्यात येतं, कलम ९७. शिवाय तात्यांनी लाठी धरली, उगारली नाही. पण लगेच पुढचं कलम यायचं. ९९. सरकारी नोकर आपल्या हुद्द्याच्या नात्यानं, सद्भावनेनं काही करत असेल, तर ते काटेकोरपणे कायदेशीर नसलं तरी त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क मिळत नाही. अपवाद एवढाच, की त्या कृतीमुळे मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त धास्ती वाटायला हवी. पाठीवर बसलेला वळ सोसायचा आणि नंतर फिर्याद करायची. डोक्यावर लाठी येत असेल तर मात्र प्रश्न बदलतो, कारण मोडलेलं हाड कायद्याच्या व्याख्येत जबर दुखापतीतच मोडतं.

“आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मुळीच नाही,” बापू पुढे सांगायचे.

यावर तात्यांचं मालवणी उसळायचं. “आणि मारणारोच पोलीस असलो, तर धावाचा खंय?”

या प्रश्नाला बापूंकडे उत्तर नव्हतं असं मला लहानपणी वाटे. उत्तर होतं, ते फक्त तात्यांना पटणारं नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांनी पोलिसाला थोडं झुकतं माप मुद्दाम दिलंय. लाठी अधिकारात होती की नाही याचा निकाल प्रत्येक मोर्चेकरी रस्त्यावरच लावू लागला, तर जमाव पांगवणं अशक्य होईल, हा त्यामागचा विचार. तो मला समजतो. पण १९५५ला त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगायची माझी तयारी नाही.

दुसरी गोष्ट तात्या जास्त रंगवून सांगायचे. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर केलं आणि गिरणगाव पेटला. पुढचे काही दिवस शहरभर गोळीबार. चळवळीतल्या हुतात्म्यांची जी १०५ ही संख्या आपल्या तोंडी बसली, तिच्यातली बहुतेक माणसं याच आठवड्यातली. यादी नंतर वाढली. सकाळी एका पोलीस गाडीतून नाक्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रात्री तीच गाडी चाळीखालून जाताना गच्चीवरच्या पोरांनी तिच्यावर गोळीसोड्याच्या बाटल्या आणि विटांचे तुकडे टाकले. तात्या त्या पोरांत होते.

बापू इथे अजिबात हलायचे नाहीत. हा हक्क धास्तीबरोबर सुरू होतो आणि धास्ती संपली की संपतो, कलम १०२. गाडी निघून चालली होती. सकाळची भीती रात्री वापरता येत नाही. शिवाय पाच किंवा त्याहून जास्त जण, एकच उद्देश. म्हणजे बेकायदेशीर जमाव, आणि मग बाटली कुणाच्या हातून सुटली हेही विचारलं जात नाही, सगळेच गुंततात.

“तो माका मारूक इलो, तर मी काय त्याची आरती ओवाळू?”

“आला तेव्हा नाही मारलात तुम्ही, तात्या. गेला तेव्हा मारलात.”

बापूंचं इथे बरोबर होतं असं मला आजही वाटतं. गंमत म्हणजे तात्यांनाही ते कुठेतरी पटलं असावं. कारण मी मोठा होत गेलो तशा गच्चीवरच्या बाटल्या कमी होत गेल्या, आणि अखेरीला ती गाडी “थांबली होती, बंदुका वर केल्या होत्या” असं गोष्टीत आलं. चाळीस वर्षांनंतर का होईना, साक्षीदार कलमाला जुळवून घेत होता.

आजीची गोष्ट त्याच आठवड्यातली. धावत आलेली दोन अनोळखी पोरं तिनं मोरीत लपवली आणि वरवंटा हातात घेऊन ती दारात उभी राहिली. जिन्यावर बुटांचा आवाज झाला, खालच्या मजल्यावर थांबला, परत गेला. बापू सांगू लागले की अटकेसाठी पोलिसाला घरात शिरता येतं, आणि वरवंटा उगारला असता तर... आजीनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. “बापू, तुमचां कलम तुमच्याकडेच ऱ्हवांदे.”

एक कलम मात्र बापू वाचून दाखवायचे तेव्हा आवाज उतरायचा. १०६, नव्या न्याय संहितेत ४४. जीव घ्यायला आलेल्या जमावानं कुणाला घेरलं, जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत आणि गोळी झाडल्यावाचून जीव वाचत नाही, तर मुलाला गोळी लागली तरी तो गुन्हा नाही. हे उदाहरण खुद्द कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. १ जुलै २०२४पासून पिनल कोड गेला, ९७चं ३५ झालं, ९९चं ३७. मुलांचं हे उदाहरण तसंच राहिलं.

बापूंचा खरा राग कलमांवर नव्हता. पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली असं सरकार म्हणालं, तर ते सिद्ध करायची जागा कोर्ट आहे, असं ते म्हणत. आरोपी तात्या असोत की हवालदार, बचाव त्यानंच दाखवायचा. निःसंशय नव्हे, पण संभवनीय वाटेल इतका तरी. हल्ला होत असताना माणूस प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलत नाही, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केलंय. पण काटा कुणीतरी हातात घ्यायला तर हवा. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी केंद्रानं नाकारली. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ला अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेत बोट ठेवलं त्यात हाही मुद्दा होता. पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी झालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं ते २०१४ साली, आणि तेही महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, मुंबईतल्या चकमकींवरून.

बापूंनी मात्र तयारी करून ठेवली होती. कधी बोलावणं येईल या आशेवर उलटतपासणीचे प्रश्न त्यांनी वकिलाच्या जुन्या ब्रीफच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले होते, आणि तात्यांना हवालदार करून ते विचारायचे. पांगण्याचा हुकूम कुणी दिला, कोणत्या भाषेत, तो मागच्यांना ऐकू गेला का? माणूस तुमच्यापासून किती पावलांवर होता? त्याच्या हातात काय होतं? गोळी छातीत शिरली की पाठीत?

तात्या हवालदाराचं काम बेताचंच करायचे. शेवटच्या प्रश्नाला ते हटकून विसरायचे आपण कोण आहोत ते, आणि म्हणायचे, “पाटीत, बापू. मी बगलंय.”