आबार्थचा संच

शर्यतीची मोटार म्हटली की आपल्यापुढे संस्थानिकांचे वैभव उभे राहते. परंतु या इतिहासातले एक रसाळ प्रकरण घडले ते बेताच्या ऐपतीच्या गाडीवर.

व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो आबार्थ याने १९४९ साली इटलीत कारखाना काढला. आधी त्याचे नाव झाले सायलेन्सरमुळे. १९५५ साली फियाटची चिमुकली ६०० गाडी निघाली. इंजिन ६३३ घनसेंटिमीटरचे, ताकद वीस-बावीस अश्वशक्तीची. आबार्थने तिच्यासाठी सुट्या भागांचा संच विकायला काढला. लांब धावेचा क्रँक, किंचित मोठे पिस्टन, मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा एक्झॉस्ट. इंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे झाले, ताकद जवळजवळ दुप्पट! यात जादू कसली? इंजिन हा मुळात हवेचा पंप. अधिक हवा घ्या, तितके पेट्रोल जाळा, धूर चटकन बाहेर काढा. परभणीच्या मे महिन्यात तेच इंजिन जरा सुस्तावते, कारण तापलेली हवा विरळ असते.

त्याच दशकात प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. आपले मिस्त्री तिचे सिलिंडर रिबोअर करीत, पण झीज काढण्यासाठी. कसब तेच, हेतू निराळा.

ताकद वाढली तरी ब्रेक मूळचेच राहतात, हा या छंदातला खरा धोका. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना वेसण घालते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याचा मूळ तपशीलच प्रमाण मानला. इटलीत मात्र निर्मात्यानेच, म्हणजे फियाटने, १९७१ साली आबार्थचा कारखाना विकत घेतला.