क्षकिरणांची सांवली आणि यंत्राची नजर

बीजगणितांतील अज्ञात राशीला आपण मराठींत 'क्ष' म्हणतों. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन ह्या पदार्थवैज्ञानिकास जे किरण प्रथम आढळले, त्यांचें स्वरूप त्याला उमगेना; म्हणून त्यानें त्यांस अज्ञाताचेंच चिन्ह दिलें, आणि आपल्याकडे ते ओघानेंच 'क्षकिरण' झाले. मौज अशी कीं, ज्या रोगाच्या शोधांत हे किरण पुढें पिढ्यान्‌पिढ्या राबले, त्याचें नांवही आपण त्याच अक्षरानें सुरू करतों. क्षय अथवा राजयक्ष्मा हा विकार आपणांस नवा नाहीं. दक्षाच्या शापानें तो चंद्राला जडला आणि चंद्र कलेकलेनें झिजूं लागला, ही कथा चरकसंहितेंतही आहे. चंद्राचें झिजणें मात्र साऱ्या जगाला दिसतें. माणसाच्या छातींत आंतल्या आंत चाललेली झीज दिसूं लागली ती राँटगेनच्या किरणांनीं.

परंतु दिसणें निराळें आणि वाचणें निराळें. क्षकिरणांचें चित्र म्हणजे अखेर एक सांवली होय. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, जुन्या दुखण्याचे वण ह्या साऱ्यांच्या सांवल्या तेथें एकमेकींवर पडलेल्या असतात, आणि त्यांतून रोगाचा डाग निवडून काढावयाचा असतो. १९३६ च्या सुमारास ब्राझीलमध्यें मानुएल द आब्रेऊ यानें लहान फिल्मवर थोड्या खर्चांत छातीचीं चित्रें घेण्याची युक्ति काढली, आणि मोठ्या जनसमूहाची तपासणी शक्य झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत प्रश्न निघाला कीं, लहान फिल्म पुरेशी आहे कीं मोठीच हवी? तें ठरविण्यासाठीं त्याच माणसांचीं निरनिराळ्या आकारांचीं चित्रें कांहीं तज्ज्ञांस स्वतंत्रपणें वाचावयास दिलीं. १९४७ सालीं जो निकाल प्रसिद्ध झाला त्यानें मूळ प्रश्न बाजूलाच पडला. फिल्मफिल्ममधील फरकापेक्षां वाचकावाचकांमधील फरक मोठा निघाला! एवढेंच नव्हे, तर तेंच चित्र कांहीं काळानें त्याच तज्ज्ञापुढें ठेविलें असतां तो पुष्कळदां स्वतःशींही सहमत होईना. हेन्री गार्लंड ह्या क्षकिरणतज्ज्ञानें १९४९ मध्यें ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंपुढें आडपडदा न ठेवतां मांडली.

मोडी कागदांशीं ज्यांनीं झटापट केली आहे त्यांस ह्याचें फारसें नवल वाटूं नये. पुसट झालेल्या एकाच ओळींत एकाला सनाचा आंकडा दिसतो, तर दुसऱ्याला नुसता शाईचा ओघळ. भेद इतकाच कीं, मोडी पत्राचा लेखक केव्हांच दिवंगत झालेला असतो. छातीच्या चित्राचा धनी दाराबाहेर बांकावर बसून असतो.

आपल्या देशांत १९५५ ते १९५८ ह्या काळांत क्षयरोगाची जी राष्ट्रव्यापी पाहणी झाली ती अशाच लहान फिल्मच्या बळावर. पुढें १९६२ मध्यें क्षयनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हां खेडोपाडीं भर पडला तो थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवर. ती स्वस्त, आणि जंतु दिसला कीं वाद मिटला. परंतु ज्याला खोकलाच नाहीं तो थुंकी द्यावयास येणार कसा? २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय पाहणीनें ह्याचें उत्तर दिलें. छातीचें चित्र घेतलें नसतें तर सांपडलेल्या क्षयरोग्यांपैकीं शेंकडा ४२.६ निसटले असते. क्षकिरण अशा रीतीनें पुन्हां दारीं आले; आणि त्यांच्याबरोबर वाचकाचा जुना प्रश्नही आला.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं आणून पाहावा. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, पुढें परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत आहे. शेती बहुतेक पावसावरची. दिवाळीच्या सुमारास ह्या भागांतलीं कितीतरी कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यांत परततात. पूर्वीं छातीचें चित्र काढणें ही शहराची गोष्ट होती. आतां हातीं धरून नेण्याजोगीं क्षकिरणयंत्रें निघालीं आहेत, आणि ७ डिसेंबर २०२४ रोजीं देशांतील ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेंत तीं वापरलींही गेलीं. म्हणजे चित्र घेणें सोपें झालें. वाचणारा? ह्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ तालुक्यांत गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. अब्जावधि वर्षांपूर्वीं झालेल्या टकरींची चाहूल तेथें वाचली जाईल. तालुक्याच्या गांवीं छातीचें चित्र वाचणारा तज्ज्ञ मिळणें मात्र अद्याप दुर्घट आहे. यंत्रानेंच चित्र वाचावें ही कल्पना म्हणूनच केवळ श्रीमंत देशांची हौस राहिलेली नाहीं.

ती कल्पना तशी जुनी आहे. १९६३ मध्यें ग्विलिम लॉडविक ह्या अमेरिकन तज्ज्ञानें फुप्फुसांतील कर्करोगाच्या चित्रांचीं लक्षणें आंकड्यांत मांडून संगणकाच्या स्वाधीन करण्याचा प्रयत्न केला. १९९८ सालीं स्तनाच्या कर्करोगाचे डाग दाखविणाऱ्या यंत्रास अमेरिकेच्या सरकारी खात्यानें मान्यता दिली आणि तें तेथें झपाट्यानें पसरलें. परंतु २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, यंत्राच्या संगतीनें खोट्या शंका वाढल्या आणि निदानाची अचूकता उलट घटली. त्या पिढींतील यंत्रांना डागाचें रूप मनुष्यानें नियम घालून सांगितलें होतें. हल्लीं ज्याला 'मशीन लर्निंग' म्हणतात त्या यंत्रशिक्षणाची तऱ्हा निराळी. चित्र म्हणजे संगणकाला लाखों बिंदूंचा तक्ता, आणि प्रत्येक बिंदूस उजेडाचा एक आंकडा. ह्या आंकड्यांस निरनिराळीं वजनें देऊन यंत्र एक अंदाज करतें, तज्ज्ञानें आधींच देऊन ठेविलेल्या उत्तराशीं तो ताडून पाहतें, चुकलें कीं वजनें किंचित् बदलतें, आणि हा गिरवणा हजारों चित्रांवर पुनःपुन्हां चालतो. नियम कोणी सांगत नाहीं. पंतोजी ज्याला शुद्ध म्हणेल तेंच शुद्ध.

पंतोजींतच एकमत नसेल तर? २०१६ मध्यें मधुमेहानें डोळ्याच्या पडद्यावर होणारे विकार ओळखणाऱ्या यंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच्या शिक्षणासाठीं १,२८,१७५ छायाचित्रें वापरलीं होतीं, आणि त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचा व चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचा वांटा होता. प्रत्येक छायाचित्र तीन ते सात डॉक्टरांकडून तपासून घेतलें. असे डॉक्टर एकंदर ५४. गार्लंडनें उघडा पाडलेला मतभेद येथें बहुमतानें मिटविला आहे, हें विसरूं नये. तेंच यंत्र पुढें थायलंडमधील ११ दवाखान्यांत नेलें असतां पांचांतील एक छायाचित्र त्यानें वाचावयाचेंच नाकारलें. खोलींत उजेड फार, छायाचित्र अंधुक, आणि परिचारिकेपुढें रांग. प्रयोगशाळेंतील परीक्षेंत असला प्रश्न येत नसतो.

छातीच्या चित्रांची हकीकत अधिक उमेद देणारी आहे. २०१६ मध्यें मुंबईंत निघालेल्या 'क्युअर' ह्या संस्थेचें यंत्र धरून एकंदर पांच यंत्रांची ढाक्याला २३,९५४ माणसांच्या चित्रांवर परीक्षा झाली. २०२१ सालीं तिचा निकाल आला आणि पांचही यंत्रें तेथल्या क्षकिरणतज्ज्ञांहून सरस ठरलीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें पंधरा वर्षांवरील माणसांच्या क्षयतपासणींत मानवी वाचकाऐवजीं अशीं यंत्रें वापरण्यास अनुमति दिली. मात्र ढाक्याच्या त्याच निकालांत असेंही नमूद आहे कीं, वृद्धांच्या आणि पूर्वीं क्षय होऊन गेलेल्यांच्या चित्रांवर पांचही यंत्रांची मात्रा कमी चालली. जुना वण आणि नवा डाग ह्यांची ओळख पटविणें त्यांसही जड गेलें.

एक प्रसंग तर विनोदी म्हणावा असा आहे. २०१८ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं न्यूमोनिया ओळखणारें यंत्र पारखून पाहिलें. छाती पाहतां पाहतां तें चित्र कोणत्या इस्पितळाचें आहे हेंही त्याला जवळजवळ अचूक कळूं लागलें होतें. तंत्रज्ञ चित्राच्या कोपऱ्यांत जी धातूची खूण ठेवतो, तिच्यासारख्या गोष्टीही त्याच्या नजरेंत भरत होत्या. ज्या इस्पितळांत रोगी अधिक, तेथली खूण दिसली कीं रोगाचा संशय अधिक! परक्या इस्पितळाचीं चित्रें आलीं तेव्हां त्याची अचूकता घसरली. विद्यार्थ्यानें धडा न वाचतां पुस्तकाच्या वेष्टनावरून उत्तर सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. आम्हांस यंत्राचें कौतुक आहे. परंतु तें कोणाच्या छातीवर शिकलें, हें विचारल्याशिवाय तें खेड्यांत आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, यंत्र 'रोग आहे' किंवा 'नाहीं' असें सांगतच नाहीं. तें संशयाचा एक आंकडा सांगतें. कोणत्या आंकड्यावरील माणसाची थुंकी तपासावयाची, ही रेघ माणसानेंच ओढावयाची असते, आणि ती जागोजागच्या तपासणीवरून ठरवावी असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे. रेघ खालीं ओढली तर निरोगी माणसांच्या थुंकीच्या डब्यांनीं प्रयोगशाळा भरून जाते. वर ओढली तर सेनगांवाकडचा एखादा माणूस निरोगी म्हणून सुटतो, आणि तोडणीच्या हंगामाआधीं घेतलेल्या चित्रांत जो त्या रेघेच्या किंचित् खालीं राहिला, त्याची पुढची तपासणी बहुधा तो फडावरून परतल्यावर, म्हणजे उन्हाळ्यांतच व्हावयाची. मधले पांचसहा महिने कोपींत त्याच्या शेजारीं त्याचीं लेंकरें निजलेलीं असतात.