पंथ आणि शेजार

अमेरिकेंतील एका विलक्षण पंथाची हकीगत म्हणून जी कथा अलीकडे जगभर पाहिली गेली, तिचा आरंभ पुण्याच्या कोरेगांव पार्कांत झाला आहे. ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही सहा भागांची माहितीपट-मालिका नेटफ्लिक्सनें मार्च २०१८ मध्यें प्रसिद्ध केली. मॅक्लेन वे व चॅपमन वे हे बंधु तिचे दिग्दर्शक. त्याच वर्षीं तिला एमी पारितोषिक मिळालें. जुन्या चित्रफिती आणि नव्या मुलाखती यांच्या आधारें अनुयायी, सरकारी वकील व शेजारचे रहिवासी अशा सर्व पक्षांना तींत बोलूं दिलें आहे. त्यामुळें प्रेक्षकाची सहानुभूति एका भागांत एकाकडे, तर दुसऱ्या भागांत दुसऱ्याकडे झुकते.

मूळ घटना थोडक्यांत अशा. रजनीश १९७४ सालीं मुंबईहून पुण्यास आले. त्यांच्या आश्रमाकडे युरोप-अमेरिकेंतील तरुणांची रीघ लागली. १९८१ सालीं ते अमेरिकेस गेले आणि ऑरेगॉन राज्यांत सुमारें ६४,००० एकरांची जमीन घेऊन अनुयायांनीं ‘रजनीशपुरम्’ वसविलें. जवळचें अँटिलोप हें गांव जेमतेम पन्नास वस्तीचें. जमिनीच्या वापरावरून वाद सुरू झाला, तो न्यायालयांत गेला. पुढें अनुयायांनीं मतांच्या बळावर गांवचें मंडळ हातीं घेतलें आणि १९८४ सालीं गांवाचें नांवच बदलून ‘रजनीश’ केलें. त्याच वर्षीं परगण्याची निवडणूक जिंकण्यासाठीं निरनिराळ्या शहरांतून बेघर माणसें आणून वसविण्यांत आलीं. दि डॅलस या गांवांतील दहा उपाहारगृहांच्या अन्नांत रोगजंतु मिसळण्यांत आले आणि ७५१ माणसें आजारी पडलीं. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. १९८५ सालीं सर्व डोलारा कोसळला. रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला यांना तुरुंगवास झाला. रजनीशांनीं ४ लाख डॉलर दंड भरून तो देश सोडला. ते पुन्हा पुण्यास आले व १९ जानेवारी १९९० रोजीं तेथेंच निवर्तले.

या सर्व प्रकरणांत तत्त्वज्ञानावरून झालेला कलह फारसा आढळत नाहीं. ध्यान कसें करावें, हा प्रश्न ऑरेगॉनच्या न्यायालयापुढें नव्हता. भांडण होतें तें जमिनीचें, मताचें आणि नांवाचें. तेव्हां पंथाची परीक्षा करावयाची ती त्याच्या वचनांवरून, कीं शेजाऱ्यांशीं असलेल्या त्याच्या व्यवहारावरून, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यास पुणें जिल्ह्यांतच उत्तरेकडे, जुन्नर व आंबेगांव या लगतच्या तालुक्यांत, उत्तम साधन उपलब्ध आहे.

जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंवर बौद्ध लेणीं आहेत. येथेंही परदेशी भक्त आले, येथेंही धन आलें आणि जमीन दिली गेली. शिलालेखांत तीन यवनांचीं नांवें कोरलेलीं आहेत. इरिल यानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिट यानें भोजनमंडप दिला, तर चंद यानें लेण्याचें दर्शनी काम करून दिलें. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं मंडप व टाकें दिलें. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें कोरविलें. याहून लक्षणीय दान आडुथुम नांवाच्या शकाचें आहे. त्यानें दोन शेतांचें उत्पन्न स्थानिक श्रेणीच्या स्वाधीन केलें आणि त्यांतून करंज व वड लावावेत, अशी व्यवस्था केली. म्हणजे धर्माचा पैसा शेजाऱ्यांच्या हातीं राहिला, आणि त्याचें फळ वाटसरूलाही सावलीच्या रूपानें मिळालें. कोणीं काय दिलें, हें दगडावर सर्वांसमक्ष लिहिलेलें होतें.

आंबेगांव तालुक्यांत आहुपे येथील देवराई याच विचाराची दुसरी बाजू दाखविते. देवाच्या नांवानें राखलेल्या या रानावर कुऱ्हाड चालवूं नये, हा निर्बंध गांवकऱ्यांनीं स्वतःवरच घालून घेतला. श्रद्धेनें येथें शेजाऱ्याचा हक्क हिरावला नाहीं. उलट स्वतःच्या लोभाला कुंपण घातलें.

अर्थात् शिलालेख हे दात्यांचे शब्द आहेत. शेत दान झाल्यावर तें कसणाऱ्याला काय वाटलें, तें त्यांत लिहिलेलें नाहीं. प्राचीन काळ तेवढा पवित्र आणि आजचा काळ तेवढा भ्रष्ट, असा निष्कर्ष यावरून काढणें योग्य होणार नाहीं. रजनीशपुरम् येथें हजारों माणसांनीं निष्ठेनें कष्ट केले आणि ओसाड माळावर पीक काढलें, हेंही मालिकेंत दिसतें. सामान्य अनुयायांपैकीं अनेकांना विषप्रयोगाची वार्ताही नव्हती. शेजारचे लोकही सर्वथा निर्दोष नव्हते. नव्या लोकांच्या वेषाचा व रीतीचा तिटकारा त्यांच्या बोलण्यांतून लपत नाहीं.

तरीही दोन्ही चित्रें शेजारीं ठेवलीं असतां एक कसोटी हातीं लागते. एखादा पंथ घरांतील मुलामुलींना हांक देऊं लागला, तर त्याच्या ग्रंथांपूर्वीं त्याच्या हिशेबाची चौकशी करावी. पैसा कोणाच्या हातीं आहे, अनुयायाला परत फिरण्याची वाट मोकळी आहे काय, आणि पंथाच्या येण्यानें शेजारचें गांव बोलतें झालें कीं मुकें, एवढें विचारावें. अँटिलोपच्या रहिवाशांनीं १९८५ सालीं आपल्या गांवाचें जुनें नांव मतदान करून परत घेतलें. जुन्नरच्या डोंगरांत मात्र इरिलाचें नांव त्याच्या टाक्यांसह आजही वाचतां येतें.