वाऱ्याची वाट

विमानाच्या झोत-इंजिनाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती आग. पण या यंत्राचे प्राण आगीइतकेच वाऱ्याच्या वाटेत असतात, याची प्रचीती १९८२ साली एका रात्री आली.

इंजिनात शिरलेली हवा फिरत्या आणि स्थिर पात्यांच्या रांगांतून दाबली जाते, इंधनासह जळते, टर्बाइन फिरवते आणि झोताने मागे निघून जाते. यातले प्रत्येक पाते म्हणजे विमानाचा एक इवलासा पंखच होय. हे तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२६ मध्ये मांडले. पंखाप्रमाणेच पात्याचीही हवेवरील पकड सुटू शकते. ती सुटली की दाबलेली हवा उलट उसळते. शिवाय, दाबलेल्या हवेचा काही अंश न जाळता टर्बाइनच्या पोकळ पात्यांतून खेळवतात. एरवी त्या उष्णतेत पाती टिकणारच नाहीत.

२४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान २६३ माणसांना घेऊन क्वालालंपूरहून पर्थकडे चालले होते. जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीची राख वाटेत पसरली होती. ती कोरडी असल्यामुळे रडारवर उमटली नाही. सदतीस हजार फुटांवर चारही इंजिने एकामागून एक बंद पडली. इंधन होते, कोंडला होता तो श्वास! ज्वलनकक्षात वितळलेली राख पुढे टर्बाइनच्या भागांवर काचेसारखी थिजून बसली होती.

कप्तान एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी विमान तरंगत खाली आणीत इंजिने चेतवण्याचा यत्न करीत राहिले. राखेच्या ढगाबाहेर थंड झालेल्या इंजिनांतील ते कवच तडकून गळाले, हवेला वाट मिळाली आणि सुमारे तेरा हजार फुटांवर पहिले इंजिन धडधडले. पाठोपाठ उरलेलीही सुरू झाली. त्यांतले एक पुन्हा बंद करावे लागले. तरीही तीन इंजिनांच्या बळावर, राखेने घासून आंधळ्या झालेल्या काचेतून पाहत, विमान जाकार्ताला सुखरूप उतरले.

पुढे ज्वालामुखींच्या राखेवर आंतरराष्ट्रीय पहारा बसला. तंत्रज्ञही बारीक नळीच्या टोकाशी बसवलेल्या कॅमेऱ्याने पात्यापात्याची तपासणी करतात, साचलेला मळ पाण्याने धुऊन काढतात. प्रवाशाला हे काम कधी दिसत नाही. मात्र आकाशातला त्याचा प्रत्येक निर्धास्त क्षण या निगराणीवरच उभा असतो.