शिफ्ट, जे आणि वारकऱ्यांचा र

मंडळी, एक छोटा प्रयोग करून बघा. रोमन अक्षरांत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहा. पहिला म्हणजे समुद्र, दुसरं दरीचं अनेकवचन. रोमनमध्ये दोन्हींचं स्पेलिंग सारखंच होणार. आपल्याला मात्र हे दोन र वेगळे ऐकू येतात आणि वेगळे लिहावे लागतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तर या दुसऱ्या र शिवाय पान हलत नाही. शेतकऱ्यांचा मोर्चा, वारकऱ्यांची दिंडी, कैऱ्या, पुऱ्या... आणि 'दुसऱ्या' या शब्दातही तो आहेच की! हा र कीबोर्डवर कसा आला, याची गोष्ट आज सांगायची आहे. ती एकट्या मराठीची नाही, म्हणून जास्त आवडते.

सुरुवात टाइपरायटरपासून. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढची कितीतरी वर्षं गावोगावचे टायपिंग क्लास आणि सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र हा नोकरीचा रस्ता होता. देवनागरी यंत्राचा नियम साधा होता, दिसेल तसं टाइप करा. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. रफार मात्र अक्षर उमटल्यावर. काही कळा अशा, की दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे, कारण मात्रा आणि अनुस्वार त्याच अक्षरावर बसायला हवेत. बोलताना येणारा क्रम एक आणि बोटांचा क्रम दुसरा. शिवाय तेलुगू किंवा कन्नडसाठी यंत्र वेगळं. म्हणजे शिकलेली बोटं पुन्हा पहिल्या यत्तेत!

सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. इथली जुनी मिल १८७७ सालची. गिरण्या आणि मागांच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं आली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. अक्कलकोटच्या बाजूला निघालात की कन्नड कानावर पडायला लागतं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलत आणि शाळेत मराठी लिहीत. मातृभाषा अस्खलित, पण तिची लिपी येत नाही. दुकानाची तेलुगू पाटी मुलापेक्षा आजोबाच भरभर वाचणार.

आता जरा कानपूरला जाऊ. १९८० च्या दशकात तिथल्या आयआयटीमध्ये भारतीय लिपी संगणकावर आणायचं काम चाललं होतं. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. हेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढलं. त्यांच्या विचाराचं मूळ फार सोपं होतं. लिप्या वेगळ्या दिसल्या तरी ब्राह्मीच्या घराण्यातल्या आहेत आणि वर्णमालेचा क्रम जवळपास एकच आहे. मग कीबोर्डसुद्धा एकच का नको?

त्यातून इन्स्क्रिप्ट आला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो मांडला, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तो आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, शिफ्ट धरली की ख. टाइप करायचं ते उच्चाराच्या क्रमाने, आधी क, मग वेलांटी. आणि खरी गंमत पुढे आहे. भाषा बदलून तेलुगू केली की त्याच कळीवर तेलुगूतला क येतो, कन्नड केली की कन्नडमधला. ळ तिन्ही भाषांत शिफ्ट आणि 'एन'वर. म्हणजे मराठी टाइप करणाऱ्या पूर्व भागातल्या मुलाला आजोबांची भाषा लिहायला बोटं नव्याने शिकवावी लागत नाहीत. लिपी वाचायला शिकला की झालं. (उर्दू या घराण्यातली नाही, तिची मांडणी वेगळी. सोलापुरात तेही सांगायला हवं.)

आता आपला र. युनिकोडवाल्यांनी त्याच्या आकारावरून त्याला 'पापणीचा र' म्हटलंय. युनिकोडच्या १९९६ च्या २.० आवृत्तीत तो लिहायची रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. नंतर ठरलं ते ऱ हे नुक्ता असलेलं अक्षर आणि हलन्त. जुनी रीतही चालू ठेवली. म्हणून आजही दिसायला तंतोतंत सारखे दोन 'शेतकऱ्यांचा' आतून वेगळे असू शकतात, आणि एक शोधताना दुसरा हाती लागत नाही. आपलं जुनं लेखन शोधताना हे लक्षात ठेवा.

पण हा ऱ आला कुठून? तो खरं तर दक्षिणेकडच्या भाषांतला एक र देवनागरीत दाखवता यावा म्हणून ठेवलेला आहे. तेलुगूच्या वर्णमालेत तो आहे, जुन्या कन्नडमध्येही होता. पंढरीच्या विठोबाला कानडा म्हणतात, आणि त्याच्या वारकऱ्यांचा र असा द्राविडी अक्षराच्या आधाराने उभा आहे! शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश... झाला 'ऱ्य'.

इतकं असूनही जिंकलं रोमन. शिवाजी, किरण, श्रीलिपी यांच्या फाइली दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य दिसायच्या. विंडोज एक्सपीवर सीडी घालून देवनागरी चालू करावी लागे. त्या दिवसांत अनेक मराठी ब्लॉगकर लिहिते झाले ते 'बरहा'मुळे, आणि ते मुळात १९९८ सालचं कन्नड सॉफ्टवेअर! उच्चाराप्रमाणे रोमन लिहा, मराठी उमटेल. त्याचे उपकार मोठे आहेत. तो सोपा रस्ता नसता तर यातले बरेचसे लोक लिहितेच झाले नसते.

तरी एक गोष्ट खटकते. रोमनमध्ये ळ नाही, ण नाही, आपला दुसरा र नाही. मराठी, तेलुगू, कन्नड या तिघींनाही ळ आणि ण लागतात. फोनवर घाईत रोमन लिहिलं की यातलं कोणतं अक्षर हवं हे फोन ठरवतो, आणि आपण पहिला पर्याय उचलून पुढे जातो. घरातल्या धाकट्यांना मग 'बाळ' लिहायचं की 'बाल', हा निर्णय स्वतः घ्यायची वेळच येत नाही. भाषा बोलता येते पण लिहिता येत नाही, ही स्थिती आपण सोलापुरात तेलुगूची पाहिली आहे. मराठीची तशी व्हायला फार काही लागत नाही.

भाचे कंपनीला म्हणून सांगतो, फोनमध्ये मराठी कीबोर्ड घाला आणि आठवडाभर त्यावरच आजीला निरोप लिहा. पहिले दोन दिवस वैताग येईल. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा मित्र असेल तर त्यालाही बसवा सोबत. संगणकावर इन्स्क्रिप्ट लावा, त्याला त्याच्या भाषेत ळ काढायला सांगा आणि तुम्ही तुमच्या भाषेत काढा. दोघांचं बोट एकाच कळीवर जाईल.