मावळातील उद्योजकता-प्रशिक्षणाची पूर्वपीठिका : तळेगावचा पैसा फंड काच कारखाना

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कामशेत हे नाणे मावळ व पवन मावळ या दोन खोऱ्यांतील गावांच्या बाजारहाटाचे ठिकाण आहे. पुणे-मुंबई लोहमार्ग व महामार्ग या दोहोंवर वसलेले असल्यामुळे आणि लोणावळ्याची हवा जवळच असल्यामुळे गेल्या काही दशकांत या परिसरास आणखी एक ओळख प्राप्त झाली आहे. शहरातील कंपन्या, व्यवस्थापनशास्त्राच्या संस्था आणि अलीकडे कला-वाणिज्य शाखांची महाविद्यालयेही आपल्या निवासी कार्यशाळा येथे भरवितात. उद्योजकता, नेतृत्व आणि संवादकौशल्य हे या कार्यशाळांचे जवळजवळ ठरलेले तीन विषय होत. दोन-तीन दिवस गटचर्चा होतात, कागदी पेल्यांचे मनोरे रचले जातात, डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्यावर विश्वास टाकण्याचे खेळ होतात आणि समारोपाला प्रमाणपत्रे वाटली जातात. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात या उपक्रमाची छायाचित्रे न चुकता जोडली जातात.

या कार्यशाळांची उपयुक्तता सरसकट नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्यामागे एक गृहीतक असते, ते तपासण्याजोगे आहे. उद्योजकता, नेतृत्व व संवाद ही तीन स्वतंत्र 'कौशल्ये' असून प्रत्यक्ष उत्पादनापासून वेगळी काढून ती शिकविता येतात, असे हे गृहीतक आहे. ते तपासण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कामशेतहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने कान्हे व वडगाव ही दोन स्थानके मागे टाकली की तळेगाव येते. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. या कारखान्याकडे स्वदेशी चळवळीचा एक टप्पा म्हणून पाहिले गेले आहे. प्रशिक्षण-व्यवस्था म्हणून त्याचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत निबंधात तो करण्याचा प्रयत्न आहे.

पैसा फंडाची कल्पना व तिचे गणित

देशी उद्योगाची चर्चा महाराष्ट्रात स्वदेशी चळवळीच्या बरीच आधी सुरू झाली होती. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० च्या दशकात देशी मालाचा पुरस्कार केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या दशकाच्या आरंभी पुण्यात औद्योगिक परिषदा भरल्या. या प्रयत्नांचे वैचारिक मोल मोठे आहे. तथापि त्यांचा श्रोतृवर्ग मुख्यतः सुशिक्षितांचा होता आणि कारखान्याला लागणारे भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्यात सुटला नव्हता.

अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मांडलेली कल्पना या पार्श्वभूमीवर वेगळी ठरते. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत, एवढीच ती कल्पना. पहिल्या ऐकण्यात ती भाबडी वाटते. पण तिच्या आकडेमोडीकडे नीट पाहिले म्हणजे तीत दडलेली शिस्त लक्षात येते. त्या काळी चार पैशांचा एक आणा व सोळा आण्यांचा एक रुपया होत असे. म्हणजे एक रुपया जमा होण्यासाठी चौसष्ट माणसांपर्यंत पोहोचणे भाग होते आणि हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसांपर्यंत. एका धनिकाच्या देणगीने जे काम एका भेटीत झाले असते, त्यासाठी काळे यांनी एका मध्यम आकाराच्या शहराच्या लोकवस्तीइतके श्रोते आपणहून ओढवून घेतले होते.

आजच्या कार्यशाळांतील 'संवादकौशल्य' या शब्दाचा खरा अर्थ येथे उलगडतो. पैसा मागणाऱ्यास प्रत्येक दारी तेच सांगावे लागे, परंतु त्याच शब्दांत सांगून भागत नसे. शेतकरी, दुकानदार, कारकून, विद्यार्थी यांपैकी प्रत्येकाला काचेचा कारखाना आपला का वाटावा, याचे उत्तर निराळे होते. शिवाय मागणी इतकी लहान होती की, नकाराचे कारण गरिबी असू शकत नसे. नकार मिळाला तर तो बहुधा अविश्वासापोटीच मिळे. एका पैशाचाही हिशेब द्यावा लागतो, हे ज्या स्वयंसेवकांनी गावोगाव अनुभवले, त्यांचे सार्वजनिक शिक्षण कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा अधिक पक्के झाले असले पाहिजे. लोकमान्य टिळक व 'केसरी' यांचे पाठबळ या कार्यास लाभले, आणि १९०५ च्या वंगभंगानंतर देशभर उसळलेल्या स्वदेशीच्या लाटेने त्यास बळ दिले. तरीही छापील आवाहनाने निधी उभा राहतो, ही समजूत या प्रकरणात तरी टिकत नाही. वृत्तपत्राने विश्वासार्हता दिली. पैसा मात्र हातातून हातात आला.

तळेगावची निवड ज्या वातावरणात झाली, त्याचाही उल्लेख आवश्यक आहे. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयत्नांतून १९०६ साली निघालेले समर्थ विद्यालय तळेगावात होते. हातांना काम व बुद्धीला देशाचा विषय देणारे शिक्षण असावे, ही त्यामागील भूमिका होती. इंग्रज सरकारने १९१० साली हे विद्यालय बंद पाडले. शाळेवर घाला पडला तरी कारखाना चालू राहिला.

भट्टीभोवतीचे शिक्षण

निधीतून काचेचाच कारखाना का काढला गेला, हे समजून घेण्यासाठी त्या काळच्या घराकडे पाहावे लागते. कंदिलाची काच, बाटली, बांगडी या वस्तू गरिबाच्या घरीही लागत आणि त्यांतील मोठा भाग ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आदी देशांतून येई. वाळू, सोडा आणि चुना हे काचेचे मूळ घटक. त्यांपैकी वाळू व चुना येथे सहज उपलब्ध होते. तेव्हा हा उद्योग सोपा आहे, असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानात निघालेले आधुनिक पद्धतीचे अनेक काच कारखाने बुडाले होते. परदेशी कारागीर भारी वेतनावर आणले जात. ते परत गेले की भट्टी थंड पडे. कच्चा माल आणि यंत्रे विकत मिळत होती, पण फुंकणीवर बसलेला हात तयार करण्याची व्यवस्था कोणापाशीच नव्हती.

पैसा फंडाने नेमकी हीच उणीव ओळखली. कारखान्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे देण्यात आली. मूळचे अलीगढ भागातील असलेले वार्ष्णेय जपानमध्ये व त्यानंतर अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आले होते. मराठी मुलखातील हजारो लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कारखान्याचे नेतृत्व एका उत्तर भारतीय तंत्रज्ञाकडे जावे, यात त्या पिढीला काही वावगे वाटले नाही. नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील वक्तृत्व नव्हे, तर ज्याला काम येते त्याच्या हाती काम सोपविणे होय, ही जाण संस्थेला होती, असे यावरून म्हणता येते. या संदर्भात एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ज्या वर्षी भट्टी पेटली, त्याच १९०८ च्या जुलै महिन्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. सर्वांत मोठा पाठीराखा दूर असताना नव्या संस्थेस आपल्या पायांवर उभे राहावे लागले.

काचकामाचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे ते शिक्षणाचे माध्यम कसे होऊ शकते, हे कळते. काच वितळण्यासाठी सुमारे चौदाशे अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि एकदा तापविलेली भट्टी रात्रंदिवस तेवत ठेवावी लागते. मुशीतील रस एकाने फुंकणीच्या टोकावर उचलावयाचा, दुसऱ्याने फुंकून त्यास आकार द्यावयाचा, तिसऱ्याने साचा धरावयाचा, चौथ्याने तयार नग हळूहळू थंड होण्यासाठी दुसऱ्या भट्टीत नेऊन ठेवावयाचा, असे हे टोळीचे काम असते. रस थंड होण्यापूर्वी हे सर्व पार पडावे लागते. टोळीप्रमुखाला लांबलचक सूचना देण्यास वेळ नसतो. खूण, एखादा शब्द, नजर यांवर काम चालते. चूक झाली तर ती लपत नाही. नग तडकतो आणि किती तडकले हे दिवसाअखेरी मोजता येते. आजच्या प्रशिक्षण-साहित्यात 'गटबांधणी', 'निर्णयक्षमता', 'प्रत्याभरण' असे शब्द येतात. काचभट्टीसमोर त्यांची वेगळी तासिका घेण्याची गरज नव्हती. कागदी पेल्यांचा मनोरा कोसळला तर हशा पिकतो. भट्टीवर कोसळणारी वस्तू लोकांच्या पैशातून आलेली असे, हा फरक लहान नाही.

शिकून निघून जाणारे

साधारण कारखानदाराच्या दृष्टीने तयार झालेला कारागीर दुसरीकडे जाणे हा तोटा असतो. पैसा फंडाच्या दृष्टीने तेच उत्पादन होते. काचकाम शिकविणे हा या कारखान्याचा घोषित हेतू होता आणि येथे तयार झालेले लोक देशातील निरनिराळ्या काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेय पुढे उत्तर हिंदुस्थानात परतले. संयुक्त प्रांतातील बहजोई येथे त्यांनी उभारलेला काच कारखाना भारतीय काच उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. महाराष्ट्रातही हवा बदलली होती. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला आणि तेथील 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघरी पोहोचला. १९१४ च्या महायुद्धाने युरोपातील काचेची आवक थांबविली, तेव्हा ही संधी साधू शकणारी माणसे देशात थोडीबहुत तरी होती. युद्ध सुरू झाल्यावर ती घडविणे शक्य झाले नसते.

येथे एका मर्यादेची नोंद करणे इतिहासलेखनाच्या प्रामाणिकपणासाठी आवश्यक आहे. कारागीर घडविणे आणि उद्योजक घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तळेगावने पहिली मोठ्या प्रमाणावर साधली. दुसरीसाठी लागणारे भांडवल आणि बाजारपेठेचे संरक्षण शिकून बाहेर पडणाऱ्यास पुरविणे तिच्या आवाक्यात नव्हते. एक पैसा देणाऱ्या समाजाने एक कारखाना उभा केला, परंतु त्यातून शिकलेल्या प्रत्येकामागे पुन्हा तसाच समाज उभा राहिला नाही. बहुतेकांना दुसऱ्याच्या भट्टीवरच काम करावे लागले. सरकारचे धोरणही अनुकूल नव्हते. टॅरिफ बोर्डाने १९३२ साली काच उद्योगास संरक्षण देण्याची शिफारस केली असता, सोडा हा प्रमुख कच्चा माल परदेशातून येतो, या कारणास्तव सरकारने १९३५ साली ती अमान्य केली. कौशल्य होते, मागणी होती, तरी धोरणाच्या एका निर्णयाने उद्योगाची वाढ खुंटू शकते, हा धडा उद्योजकतेच्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळतो. तेथे यशाचे श्रेय आणि अपयशाचा दोष दोन्ही व्यक्तीच्या मनोवृत्तीवरच टाकले जातात.

मनोवृत्तीवरील भर

हा भर कोठून आला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये सिद्धीप्रेरणेचा सिद्धान्त आर्थिक विकासाशी जोडला आणि १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकीनाडा येथील व्यावसायिकांवर त्याचा प्रयोग केला. प्रशिक्षणाने माणसाची उद्यमप्रेरणा वाढविता येते, हा त्यांचा दावा होता. त्यानंतर गुजरातने १९७० च्या सुमारास उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू केले, अहमदाबादेत १९८३ साली राष्ट्रीय पातळीवरील संस्था निघाली आणि महाराष्ट्रात १९८८ साली तेव्हाच्या औरंगाबाद येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. महाविद्यालयांतील आजच्या कार्यशाळा याच परंपरेची दूरची शाखा आहेत. मात्र मूळ प्रयोगातील एक गोष्ट वाटेत गळून पडली. काकीनाडाचे प्रशिक्षणार्थी आधीच व्यवसायात होते. प्रशिक्षण संपताच त्यांना परत जाण्यासाठी दुकान अथवा कारखाना होता. महाविद्यालयीन विद्यार्थी कार्यशाळेतून वसतिगृहात अथवा घरी परततो.

मावळातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तळेगाव परिसरात जनरल मोटर्सचा मोटार कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. अशा कारखान्यात शिकलेले काम त्या जोडणी-साखळीपुरते उपयोगी असते. काचफुंक्याप्रमाणे ते सोबत नेऊन दुसऱ्या गावी भट्टी घालता येत नाही. याउलट इंद्रायणी भाताची सडाई व विक्री, लोणावळ्याची चिक्की, तळेगाव भागातील हरितगृहांतील फुले, भाजे-बेडसे लेण्यांकडे येणाऱ्या पर्यटकांची व्यवस्था असे लहान भांडवलाचे व्यवसाय याच खोऱ्यात चालतात. त्यांत हिशेब, बोलणी आणि माणसे सांभाळणे ही तिन्ही कामे रोज करावी लागतात. कामशेतच्या निवासी शिबिरात येणारे विद्यार्थी आपल्या बसमधून यांतील बऱ्याच ठिकाणांवरून जातात. वाणिज्य, इतिहास व भूगोल या विभागांनी मिळून एखाद्या तुकडीला भाताच्या एका हंगामापुरते जरी अशा व्यवसायाशी जोडून दिले आणि खरेदी-विक्रीची वही विद्यार्थ्यांच्याच हाती ठेवली, तर त्यासाठी येणारा खर्च दोन दिवसांच्या निवासी कार्यशाळेपेक्षा जास्त होण्याचे कारण दिसत नाही. वर्षअखेरी त्या वहीत तोटा निघाला, तर तोही अहवालात छायाचित्रांच्या शेजारी छापावा लागेल.